टायमिंग सुधारतंय, पण रक्तवाहिन्यांचं काय? चाळिशी-पन्नाशीतले रनर आणि न दिसणारा हृदयविकार

उशिरा पळणारा

प्रत्येक रनिंग ग्रुपात एक वाक्य हमखास असतं, "मी फुल मॅरेथॉन पळतो, मला काय होणारे". आणि कुठे कोणी पळता पळता कोसळल्याची बातमी आली की न पळणाऱ्यांचंही एक ठरलेलं वाक्य असतं, "बघा, या वयात एवढं पळूच नये". मला ही दोन्ही वाक्यं एकाच गैरसमजातून आलेली वाटतात. दोघंही असं धरून चालतात की माणूस किती पळू शकतो यावरून त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अवस्था कळते. नाही कळत. स्टॅमिना आणि रक्तवाहिन्या ही दोन वेगळी खाती आहेत, एकात भरपूर जमा असताना दुसरं बुडीत निघू शकतं. यावर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही, पंचेचाळिशीनंतर पळायला लागलेला माणूस आहे आणि या विषयावर हाताला लागेल ते वाचत असतो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे कान धरावा.

हा गैरसमज काही आजचा नाही. १९७० च्या दशकात थॉमस बॅसलर नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने चक्क दावा केला होता की सिगारेट न ओढणारा आणि मॅरेथॉन पूर्ण करू शकणारा माणूस कोरोनरी आजारापासून, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आजारापासून, सुरक्षित असतो. लोकांना ते इतकं आवडलं की बरीच वर्षं चाललं. मग १९७९ मध्ये टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या शवविच्छेदनात कोरोनरी ब्लॉकेज सापडल्याचं छापलं, आणि तो दावा तिथेच संपायला हवा होता. खरा धक्का बसला तो १९८४ मध्ये. जॉगिंगला घराघरात नेणारं पुस्तक लिहिणारा जिम फिक्स, वय ५२, अमेरिकेत व्हरमॉन्टला पळायला गेला असताना रस्त्यात गेला. शवविच्छेदनात तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. त्याच्या वडिलांना ३५ व्या वर्षी अटॅक आला होता आणि ४३ व्या वर्षी ते गेले होते. तो स्वतः पस्तिशीपर्यंत जाडजूड आणि भरपूर सिगारेट ओढणारा होता. लोक म्हणाले पळण्याने मारलं. मला तर उलट वाटतं, असला वारसा असून माणूस वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगला. फक्त पळतोय म्हणजे वारसा पुसला गेला असं त्याने धरलं असावं, कारण व्यायामाचे नावाजलेले डॉक्टर केनेथ कूपर यांनी ट्रेडमिल टेस्ट करून घे म्हटलं होतं ती त्याने टाळली.

आता शरीरात होतं काय. पळण्याने हृदयाचा स्नायू तयार होतो, डावा कप्पा मोठा होतो, एका ठोक्याला जास्त रक्त फेकलं जातं म्हणून बसल्या जागी नाडी पन्नासच्या खाली जाते, पायांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढते. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं टायमिंगमध्ये दिसतं. पण कोरोनरी वाहिन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साठणं ही तरुणपणापासून गुपचूप चालणारी गोष्ट आहे, ती ठरते एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती आणि किती वर्षं जास्त होतं, बीपी, शुगर, सिगारेट आणि आईवडिलांकडून काय आलंय यावर. पळण्याने यातल्या काही गोष्टी सुधारतात, सगळ्या नाही आणि मागची वर्षं तर नाहीच नाही. शिवाय साठा वाढला तरी वाहिनीची भिंत आधी बाहेरच्या बाजूला फुगते, आतली वाट बराच काळ मोकळी राहते, म्हणजे लक्षण शून्य आणि टायमिंग झकास. पुढे वाट अरुंद झाली तरी ट्रेनिंग झालेलं शरीर बरंच खपवून घेतं, किलोमीटरमागे दहापंधरा सेकंद जातात आणि आपण म्हणतो वय झालं, झोप कमी पडतेय, बूट बदलायला हवेत.

मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते याच जागेबद्दल. रनर लोक त्रासाकडे दुर्लक्ष करण्यात पटाईत असतात, आपली ट्रेनिंगच ती असते. छातीत पहिल्या दोन किलोमीटरला आवळल्यासारखं होतं आणि मग जातं, तर म्हणे वॉर्मअप कमी पडला. चढावर जबडा किंवा डावा खांदा दुखतो आणि थांबलं की राहतो, तर म्हणे पोश्चर. बरगडीखाली जळजळ म्हणजे ॲसिडिटी. पण ॲसिडिटीला चढ आणि सपाट रस्ता यातला फरक कळत नाही. ताण वाढला की येतं आणि ताण कमी झाला की जातं असं काहीही, कंबरेच्या वरचं, ते हृदयाचं नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयाचंच धरायचं असं मी तरी ठरवलंय. तसंच विनाकारण पेस पडणं, नेहमीच्या रनला जास्त धाप लागणं, पळत असताना डोळ्यापुढे अंधारी येणं.

घाबरवायचा हेतू नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या हाफ आणि फुल मॅरेथॉनचा हिशोब न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ साली आला, १ कोटी ९ लाख रनरांमध्ये ५९ कार्डिॲक अरेस्ट (हृदय अचानक बंद पडणं), म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. पण त्या ५९ पैकी ४२ जण गेले. पुरुषांचं प्रमाण बायकांपेक्षा बरंच जास्त, फुलचं हाफपेक्षा जास्त. धोका लहान आहे पण तो सगळ्यांवर सारखा वाटलेला नाही, आणि आपल्या वाट्याला किती आलाय हे काही अंशी आधी कळू शकतं, एवढंच माझं म्हणणं.

सकाळची शिफ्ट

छान धागा. माझा प्रश्न सरळ आहे. वय ४८, दरवर्षी टीएमटी (ट्रेडमिलवर पळवत काढलेला ईसीजी) करतो, कायम निगेटिव्ह. मशीनवाला म्हणतो एवढा वेळ कोणी टिकत नाही. मग मी सुटलो ना?

स्टेथोस्कोप

याच क्षेत्रात काम करतो, इथे कोणाचं निदान करणार नाही, फक्त टेस्टबद्दल सांगतो.

टीएमटी एकच प्रश्न विचारते, ताण दिल्यावर हृदयाला रक्त कमी पडतंय का. वाहिनी साधारण ७० टक्के किंवा जास्त अरुंद असेल तर ईसीजीत बदल दिसायची शक्यता असते, खात्री तीही नाही. तीसचाळीस टक्क्यांचा साठा तिथे दिसतच नाही, आणि बरेच अटॅक अशाच न अडवणाऱ्या साठ्याचं आवरण फाटून त्यावर गुठळी बसल्याने येतात. त्यामुळे निगेटिव्ह टीएमटीचा अर्थ "आज मोठा अडथळा असण्याची शक्यता कमी" एवढाच. तुम्ही मशीनवर जास्त वेळ टिकलात ही चांगली गोष्ट आहे, जास्त क्षमता असलेले लोक सरासरी जास्त जगतात हे वारंवार दिसलंय, पण ते पहिल्या खात्यातलं झालं, धागाकर्त्यांच्या भाषेत.

अजून एक, रनरांनी लक्षात ठेवायचं. बऱ्याच ठिकाणी २२० वजा वय करून त्याच्या ८५ टक्के नाडी झाली की टेस्ट थांबवतात. तुम्ही टेम्पो रनला (जोरात पळायच्या सरावाला) नेहमीच त्याच्या वर असता. तेव्हा आधीच सांगा की पूर्ण दमेपर्यंत चालू ठेवा, मी पळतो. उलट बाजूही आहे, खूप ट्रेनिंग केलेल्यांचा साधा ईसीजीसुद्धा वेगळा दिसतो आणि खोटी पॉझिटिव्ह येऊन उगाच अँजिओग्राफीपर्यंत जाणारे लोक मी पाहिलेत. म्हणून खेळाडूंचे ईसीजी वाचायची सवय असलेल्या डॉक्टरला दाखवलेलं बरं.

सकाळची शिफ्ट

म्हणजे इतकी वर्षं मी काय मोजत होतो मग 🙂 बरं मग करायचं काय ते सांगा.

स्टेथोस्कोप

आधी स्वस्तातलं आणि कंटाळवाणं. बीपी, लिपिड प्रोफाइल, तीन महिन्यांची शुगर, आणि घरात चौकशी. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयाचा आजार झाला असेल तर तो इतिहास मोठा मानतात. दक्षिण आशियाई वंश हाही जोखीम वाढवणारा घटक धरतात. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) तपासा, साधारण पाचात एका माणसात ते वाढलेलं असतं, जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतं आणि कितीही पळा ते हलत नाही. माझ्या मते मॅरेथॉनवाल्यांनी हीच टेस्ट सगळ्यात आधी करावी, कारण इथे मेहनतीचा काही उपयोग होत नाही आणि नेमकं हेच त्यांना पटत नाही.

एवढ्यावरून जोखीम मधल्या पट्ट्यात आली, औषध द्यावं की नाही ठरत नसेल, तर कॅल्शियम स्कोअर, म्हणजे वाहिन्यांच्या भिंतीत किती कॅल्शियम साठलंय त्याचा आकडा. कॉन्ट्रास्टशिवाय सीटी, काही मिनिटांचं काम, रेडिएशन साधारण १ मिलिसिव्हर्ट. शून्य उत्तम, १०० च्या वर गेलं की गंभीरपणे बोलायचं, ४०० च्या वर म्हणजे साठा भरपूर. यात मऊ, कॅल्शियम न झालेला साठा दिसत नाही, त्यामुळे शून्य आलं म्हणजे जन्माचं सर्टिफिकेट मिळालं असं नाही. आणि हे सगळं लक्षण नसलेल्या माणसासाठी आहे. लक्षण असेल तर स्कोअरच्या भानगडीत पडू नका, सरळ कार्डिओलॉजिस्ट.

आरामखुर्ची

एवढं सगळं वाचून माझा निष्कर्ष, रोज तासभर चालावं आणि निवांत राहावं. हृदयाचे ठोके मोजके दिलेत, उगाच खर्च कशाला करायचे? पळणारेच पडतात, बसणारे पडल्याची बातमी कधी वाचली नाही.

उशिरा पळणारा

बसणारे सोफ्यावर पडतात, त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक 🙂

ठोक्यांचाच हिशोब करायचा तर पळणारा माणूस तास दीड तास जास्त खर्च करतो आणि उरलेले बावीस तास वाचवतो. पण ते सोडा. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली होती, दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कोरोनरी आजार कमी. त्यानंतर सत्तर वर्षं तीच दिशा दिसतेय.

आकडेमोड

@आरामखुर्ची, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि तेच अर्धं सगळे उचलतात. जोरदार व्यायाम चालू असताना त्या तासापुरता धोका वाढतो, हे खरं. पण किती वाढतो ते माणसावर अवलंबून. १९९३ च्या मिटलमन यांच्या अभ्यासात एरवी काहीच न करणाऱ्याने एकदम अंगमेहनत केली तर त्या वेळेपुरता अटॅकचा धोका शंभरपटीहून जास्त, आणि आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्याला जेमतेम अडीचपट. १९८४ मध्ये सिस्कोविक यांनी कार्डिॲक अरेस्टबद्दल हेच दाखवलं, व्यायामाच्या वेळी थोडा जास्त पण चोवीस तासांचा एकूण धोका नियमित जोरदार व्यायाम करणाऱ्यांचा बैठ्या माणसांच्या साधारण ४० टक्केच. त्यामुळे वीकेंडला एकदम उठून बॉसबरोबर दहा किलोमीटर पळणाऱ्याची मला रनरपेक्षा जास्त काळजी वाटते.

पण रनरांनीही खूश होऊ नये, कारण दुसरी बाजू गमतीची आहे. २०१७ मध्ये सर्क्युलेशन या जर्नलमध्ये दोन अभ्यास आले, एक लंडनचा, एक नेदरलँड्सचा. लंडनवाल्यांनी वर्षानुवर्षं पळणारे, सायकल मारणारे वयस्क खेळाडू घेतले, ज्यांना कुठलाही नेहमीचा जोखमीचा घटक नव्हता, आणि तशाच जोखमीची न पळणारी माणसं तुलनेला घेतली. पुरुष खेळाडूंपैकी ४४ टक्क्यांत साठा सापडला, दुसऱ्या गटात २२ टक्के. कॅल्शियम ३०० च्या वर असलेले फक्त खेळाडूंतच, ११ टक्के. बायकांमध्ये असा फरक नव्हता. खेळाडूंचा साठा मुख्यतः कडक, कॅल्शियम झालेला, म्हणून तो फाटायचा संभव कमी असं तेव्हा स्पष्टीकरण दिलं गेलं आणि सगळ्यांनी हुश्श केलं. मग २०२३ ला बेल्जियमचा मास्टर ॲट हार्ट नावाचा अभ्यास आला, त्यात आयुष्यभर ट्रेनिंग करणाऱ्यांमध्ये मऊ साठासुद्धा निरोगी, माफक व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता, उलट जास्तच. म्हणजे ते स्पष्टीकरण पूर्ण पुरत नाही.

आता याचा अर्थ जास्त पळणारे जास्त मरतात का? २०१९ च्या कूपर सेंटरच्या अभ्यासात २१,७५८ पुरुष होते, त्यात प्रचंड व्यायाम करणाऱ्यांत कॅल्शियम थोडं जास्त निघालं पण मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, स्कोअर १०० च्या वर असलेल्यांतही नाहीत. तेव्हा स्कोअर जास्त आला म्हणून बूट फेकून द्यायचे नाहीत आणि रनर आहे म्हणून स्कोअरकडे काणाडोळाही करायचा नाही. कंटाळवाणं उत्तर आहे, माहितीय.

चालते पळते

आकडे ठीक, पण "पुरुषांना जास्त" हे वाक्य वाचून बायका निर्धास्त होतात आणि डॉक्टरही, म्हणून लिहितेय. मला पन्नाशीत पळताना छातीत नाही, पाठीत दोन खांद्यांच्या मधे दुखायचं आणि नेहमीच्या रनला मळमळ व्हायची. जिथे दाखवलं तिथे सांगितलं पाळी जातेय, टेन्शन घेऊ नका, योगा करा. ईसीजी नॉर्मल होता म्हणून विषय संपला. मला ते पटेना कारण दुखणं घड्याळ लावल्यासारखं चढालाच यायचं, सोफ्यावर टेन्शन असतानाही यायचं नाही. दुसरीकडे गेले, सीटी अँजिओ झाली, पुढच्या मुख्य वाहिनीत ब्लॉकेज. स्टेंट आहे आता, पुन्हा पळते, हळू पळते.

सांगायचं ते हे की डॉक्टरकडे जाताना "थकवा वाटतो" म्हणू नका. किती पळल्यावर येतं, किती वेळात जातं, महिन्यापूर्वी त्याच रस्त्यावर काय होतं, हे सांगा. आपल्याकडे घड्याळात सगळा डेटा असतो, तो दाखवा. बसल्या जागी काढलेल्या ईसीजीला तुमचा चढ माहीत नसतो.

स्टेथोस्कोप

ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. दोन गोष्टी जोडतो. गरोदरपणात बीपी वाढून त्रास झाला असेल किंवा पाळी चाळिशीच्या आत गेली असेल तर ते आजही डॉक्टरांना सांगा, पुढच्या हृदयविकाराशी त्याचा संबंध असतो. आणि चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत एक प्रकार असा असतो की वाहिनीत कोलेस्टेरॉल नसतंच, भिंतीचे थर आपोआप सुटतात आणि रक्त अडतं. कोलेस्टेरॉल नॉर्मल, सडपातळ, फिट, आणि तरी अटॅक. तेव्हा फिट दिसतेय म्हणून छातीतलं दुखणं बाजूला ठेवू नका.

चुकलेला ठोका

ब्लॉकेजवर चर्चा चाललीय, मी दुसऱ्या दाराने आलेला आहे. वाहिन्या स्वच्छ, कॅल्शियम शून्य, पण एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित. बरीच वर्षं अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांबच्या रेस) पळतोय. सुरुवातीला घड्याळात नाडी मधेच उड्या मारायची, मी समजलो सेन्सर भिजला. मग एका लाँग रनला पायातून जीवच गेला, सपाट रस्त्यावर चालवेना, आणि छातीत मासा फडफडल्यासारखं. ईसीजीत पकडलं गेलं.

तेव्हा वाचलं की स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्की रेस असते, तिच्या ५२,७५५ स्पर्धकांचा अभ्यास झालाय, ज्यांनी जास्त वेळा रेस केली आणि जे वेगात संपवायचे त्यांच्यात अशा अनियमित ठोक्यांचं प्रमाण जास्त. बैठ्या लोकांतही ते जास्तच असतं, माफक व्यायामवाले मधे सुखात. खूप वर्षं खूप ट्रेनिंगने वरचे कप्पे ताणले जातात हे एक कारण मानतात. मला ट्रेनिंग निम्म्यावर आणायला सांगितलं, ॲब्लेशन (चुकीचे ठोके निर्माण करणारा हृदयातला भाग निकामी करायची प्रक्रिया) झालं. रक्त पातळ करायचं औषध द्यायचं की नाही हे वय आणि बाकीच्या आजारांवरून ठरवतात, कारण या आजारात खरी भीती पक्षाघाताची असते. रेसचे फोटो बघून अजूनही जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू.

गॅजेटप्रेमी

मग ईसीजीवालं स्मार्टवॉच घ्यावं का? त्यात अटॅक आधीच कळतो म्हणे.

चुकलेला ठोका

नाही कळत. एका लीडचा ईसीजी असतो तो, माझ्यासारखा अनियमित ठोका पकडायला उत्तम, ब्लॉकेज किंवा अटॅक त्यात दिसेलच असं नाही, कंपनी स्वतःच तसं लिहिते. आणि मनगटावरची नाडी पळताना पावलांच्या लयीला चिकटून भलतंच दाखवते, त्यामुळे १८० दिसलं की लगेच घाबरू नका आणि काहीतरी होतंय असं वाटत असताना १४० दिसलं म्हणून पळत राहू नका. शंका असेल तर छातीचा पट्टा वापरा.

गोळी नको

माझा स्कोअर २०० च्या पुढे निघाला, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) चालू करायला सांगितलंय. ग्रुपवर सगळे म्हणतात स्टॅटिनने स्नायू जातात, पळणं संपतं. शिवाय एकाने सांगितलं स्टॅटिनने कॅल्शियम उलट वाढतं. मग घ्यायचं कशाला?

स्टेथोस्कोप

कॅल्शियम वाढू शकतं हे खरं आहे आणि ते वाईट नाही. स्टॅटिनने मऊ साठा आकसतो आणि घट्ट होतो, घट्ट झालेला फाटण्याची शक्यता कमी. म्हणून स्टॅटिन चालू असताना दरवर्षी स्कोअर काढून घाबरण्यात अर्थ नाही, एलडीएल बघायचं.

स्नायूंचं म्हणाल तर काहींना दुखतं, जास्त ट्रेनिंग करणारे ही तक्रार जास्त करतात. पण मॅरेथॉनच्या ट्रेनिंगमध्ये तसेही पाय दुखतातच, त्यामुळे सगळं खापर गोळीवर फोडलं जातं. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, स्टॅटिन नसलेली औषधंही आहेत. फक्त सांगून बदला, गुपचूप बंद करू नका. लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी सीकेची (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या घटकाची) रक्ततपासणी करू नका, ती वाढलेलीच येणार, आणि ट्रोपोनिनचंही (हृदयाच्या स्नायूच्या इजेची खूण) तसंच. मॅरेथॉननंतर कित्येक निरोगी लोकांत ट्रोपोनिन वाढलेलं असतं, एकदोन दिवसांत खाली येतं. अर्थात छातीत दुखत असताना "ते रेसमुळे असेल" हे तुम्ही घरी ठरवायचं नाही.

पाणी टेबल

मी पळत नाही फार, रेसमध्ये व्हॉलंटियर असतो, तर त्या बाजूचं लिहितो. वर २०१२ च्या आकडेवारीचा उल्लेख आलाय. त्याचाच पुढचा भाग २०२५ मध्ये जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, २०१० ते २०२३, २ कोटी ९० लाखांवर फिनिशर, १७६ अरेस्ट, ५९ मृत्यू. हो, आधीच्या अभ्यासात अरेस्ट ५९ होते आणि इथे मृत्यू ५९ आहेत, टायपो नाही. अरेस्टचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहिलं पण मरणाचं प्रमाण निम्म्यावर आलं. हृदयं सुधारली नाहीत, बाजूची माणसं सुधारली. लगेच सीपीआर (छाती दाबणं) आणि लगेच शॉक देणारं एईडी मशीन.

पहिल्या अभ्यासात बरेच जण रेसच्या शेवटच्या टप्प्यात कोसळले होते, आणि फिनिश दिसायला लागल्यावर तर लोक स्प्रिंट मारतात. मी दरवेळी ओरडून सांगतो की शेवटच्या किलोमीटरला हिरोगिरी नको, कोणी ऐकत नाही, फोटोग्राफर उभा असतो ना तिथे.

ओळखायचं कसं ते नीट वाचा. फिनिशनंतर थांबल्यावर चक्कर येऊन बसणारे खूप असतात, पायात रक्त साठून बीपी पडतं, पाय वर केले की येतात ताळ्यावर. पण पळत असताना जो दिव्यासारखा विझतो, पडताना हात टेकवत नाही, त्याला हृदय थांबलंय असंच समजायचं. सुरुवातीला झटके आल्यासारखं होतं, लोक फिट आली म्हणून कांदा चप्पल शोधतात. मधेच घशातून घरघर करत श्वास घेतल्यासारखं होतं, तो श्वास नाही. हाक मारून हलवून प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, की छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाचेक सेंटिमीटर खोल, कोणीतरी मशीन आणायला पळायचं. सीपीआरशिवाय जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. पाणी पाजू नका हो, बेशुद्ध माणसाला पाणी पाजणारे दरवर्षी भेटतात.

आरामखुर्ची

हे मात्र आवडलं. सीपीआर शिकायला पळावं लागत नाही ना? शिकतो.

नवीन सभासद

एक शंका. मग रेसला नाव देतानाच डॉक्टरी सर्टिफिकेट सक्तीचं का करत नाहीत?

आकडेमोड

इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळासाठी ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे, आणि तिथे तरुण खेळाडूंमधले अचानक मृत्यू बरेच घटल्याचं २००६ मध्ये छापून आलं. पण ते तरुणांचं, जन्मजात दोषांचं. आपल्या वयाला कोरोनरी आजार पकडायला साधा ईसीजी जवळजवळ निरुपयोगी. सक्ती केली की काय होतं हे सांगायला नको, ओळखीच्या डॉक्टरचा शिक्का आणि काम झालं. मला तर उलट भीती वाटते, सर्टिफिकेट खिशात आहे म्हणून छातीतलं दुखणं सोडून देतील.

स्टेथोस्कोप

सहमत. आणि सर्टिफिकेट महिन्यापूर्वीचं असतं, ताप कालचा असतो. ताप, अंगदुखी, छातीत जड वाटतंय असं असताना रेस पळू नका, काही व्हायरसमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्यावर जोर दिला तर ठोके बिघडून माणूस जागेवर जाऊ शकतो. पैसे भरलेत, टीशर्ट आलाय, हे कारण होऊ शकत नाही.

पाणी टेबल

जाता जाता, बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या) मागे नाव आणि घरच्यांचा नंबर लिहायची जागा असते ती भरा, निम्मे लोक कोरी ठेवतात. स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे, तेही तिथेच लिहा. रक्त पातळ करायची गोळी खाणारा तोंडावर आपटला तर डोक्याच्या मारापायी वेगळी घाई करावी लागते, ते आम्हाला बघून कळत नाही. आणि साध्या पेनने लिहू नका, घामाने सगळं निळं होतं, मार्करने लिहा.

चालते पळते

आणि दुसऱ्याचा बिब घालून पळू नका हे पण लिहा हो. आमच्या ग्रुपात सर्रास चालतं, ज्याचं नाव असेल त्याच्या घरी फोन जाईल.